शेळीच्या आडून

आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. बोलायचं झालं तर सासूला सांगायचं, नाहीतर पोराटोराला, आणि जवळ कुणीच नसलं तर शेळीला. "अगं, मामास्नी म्हणावं, च्या झालाय." मामा म्हणजे माझे सासरे. तेही शेळीलाच उत्तर द्यायचे, "ठेव म्हणावं तितं." लग्न होऊन आटपाडीकडच्या या माळावर आल्यापासून आमच्या दोघांचं सगळं बोलणं त्या बिचारीच्या कानावरून गेलंय. हसू नका, तुमच्या फ्लॅटात एका सोफ्यावर बसून मोबाईलवर बोलणारी माणसं मी पाहिली आहेत.

नवरा तमिळनाडूत गलाईच्या दुकानात असतो, सोनं वितळवायच्या कामाला. घरी सासूबाई, मामा, मी आणि शेळ्या. बारावी झालेली म्हणून गावानं शेळ्यांवर उपचार करायला बायकांना शिकवणाऱ्या एका योजनेसाठी माझं नाव दिलं. बाईमाणसाला पुढं आणायचं धोरण आपल्या सरकारचं, पैशाची जोड बाहेरच्या देशाची. बोर्डावर दोन्ही झेंडे शेजारी शेजारी काढलेले. सांगलीत प्रशिक्षण झालं: जंताचं औषध, लस, अडलेली शेळी सोडवणं. निळा कोट मिळाला. गावात कुणाच्याही गोठ्यात मी पदर खोचून बसायला लागले. फक्त आमच्या गोठ्यात नाही. तिथं मामा असायचे, आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायचा म्हणजे माझाच जीव जायचा. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग परदेशी पाहुणे आले. ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला, खुर्च्यांना पांढरी कापडं चढवली. पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या, लय मायाळू. दुभाष्यानं त्यांचा प्रश्न मराठीत सांगितला: घरच्या पुरुषांचा कामाला विरोध होतो का? कॅमेरा माझ्यावर होता आणि योजनेच्या मॅडम डोळ्यांनीच म्हणत होत्या, बोला, बोला. माझ्या आधीच्या बायांनी नवऱ्याचा मार सांगितला होता, दिराची दारू सांगितली होती. त्यांचं खरंच होतं ते. माझ्यापाशी सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मी माईक धरून म्हणाले, "सासरे मला घरच्या शेळ्यांना हात लावू देत नाहीत. तरी मी मागं हटले नाही." टाळ्या पडल्या. त्या बाईंचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

खाली बसताना मागच्या रांगेकडं नजर गेली. मामा तिथं बसले होते. नवा फेटा बांधून, बिनबोलावता, सुनेचं कौतुक बघायला आले होते. ते उठून गेले नाहीत. टाळीसाठी उचललेले हात तेवढे त्यांनी परत गुडघ्यांवर ठेवले. त्यानंतर घरात मी शेळीशीसुद्धा बोलेनाशी झाले.

थोड्याच दिवसांत, सासूबाई आष्ट्याला लेकीकडं गेलेल्या असताना, मामांची लाडकी शेळी अडली. पहिल्यांदाच व्यायची होती. करडाचा एक पाय बाहेर आणि मान आत वळलेली. मामांनी जन्मभर मेंढरं सोडवली, पण त्यांचा पंजा त्या एवढ्याशा शेळीत जाईना. डॉक्टर तालुक्याला. मी दारात कोट हातात घेऊन उभी होते आणि पाय उचलत नव्हता. शेळीचं ओरडणं बंद झालं तसे मामा उठले. माझ्याकडं न बघता त्यांनी डोक्याचा फेटा सोडला आणि स्वतःच्याच तोंडावरून गुंडाळून घेतला, डोळ्यांसकट. मग चाचपडत खाली बसून शेळीला घट्ट धरलं.

"कर म्हणावं," ते शेळीला म्हणाले. "मला कायबी दिसत न्हाई."

मी पदर टाकून दिला आणि गुडघ्यांवर बसले. हाताला तेल लावून करडाला हळूहळू मागं सारलं, मान बोटांत धरून सरळ केली, कळ आली तसं त्याला ओढलं. करडू बाहेर आलं, पडून राहिलं. नाकातोंडातला चिकटा पुसला, चोळलं, तेव्हा कुठं ते शिंकलं. तरी मामा तसेच, फेट्यात गुंडाळलेले.

"झालं का, इचार तिला."

भर मांडवात मी ह्याच माणसावर आळ घेतला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "झालं म्हणावं."

त्यांनी फेटा सोडला आणि त्याच फेट्याच्या शेवानं करडू पुसायला घेतलं. बराच वेळ पुसत राहिले. मग शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पावनं परत आलं तर त्यास्नी तेवढं सांग म्हणावं. आमी कवा अडवलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी मी अंगणातूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. "अहो, ती फिल्म तिकडं पोचलीसुद्धा," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांचा भागच तर सगळ्यांना आवडला. आता राहू दे."

मी गोठ्यात गेले तर मामा करडाला आईच्या सडाला लावत होते. चाहूल लागली, पण त्यांनी मान वर केली नाही.

"सांगितलं का म्हणावं?" त्यांनी शेळीला विचारलं.

मीही शेळीकडंच बघितलं. "सांगितलं म्हणावं."