तालुक्याचा संथ बोर्ड

माझ्यासारख्या नवख्याने आठवणी लिहाव्यात की नाही, कळत नाही, चुकलं तर माफ करावं. पण पांढऱ्या फळ्यावरच्या मार्करचा वास आला की खराडीतलं ते ऑफिस आठवतं. मी तिथे इंटर्न होतो, आमच्या घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच. आमची यंत्रणा बसगाड्यांच्या वेळा एकाच वेळी अनेक स्टँडवरच्या बोर्डांना पाठवायची. त्यात विदर्भातल्या आमच्या तालुक्याचा बोर्ड फार संथ होता. त्याने न घेतलेले संदेश सर्व्हरवर साचायचे आणि बाकीचे बोर्डही अडकायचे. "तोडून टाका त्या बोर्डाचं कनेक्शन," आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. माझी बहीण रोज संध्याकाळी कॉलेजहून परतताना त्याच बोर्डाकडे बघत उभी असायची. पुन्हा गाडी चुकली तर कॉलेज बंद, असं बाबांनी तिला बजावलं होतं. "मॅडम," मी चाचरत म्हणालो, "त्याला गेलेल्या गाड्या कळवायच्याच नाहीत. जुने संदेश टाकून द्यायचे, फक्त ताजा पाठवायचा." मॅडमनी डस्टर उचललं. "खरंच की. गेलेल्या गाडीला आपण काय श्रद्धांजली वाहतोय?" फळा पुसून त्यांनी तसंच लिहिलं, आणि दुपारी आम्ही तो बदल चालू केला. त्या संध्याकाळी मी फोन हातात धरूनच बसलो होतो, आणि अंधार पडता पडता तो वाजला. "दादा, बोर्डानं बरोबर दाखवलं, गाडी भेटली," घरी पोचलेली बहीण म्हणाली. "बाबा म्हणतात, उद्याही जाय."