हनोई ते बदलापूर, व्हाया आत्या

व्हिएतनामवर ढिगाने ब्लॉग आहेत. कुठली बोट घ्यायची, कुठल्या गल्लीत अंडं घातलेली कॉफी चांगली मिळते, सगळं सापडतं. पण हनिमून उरकून मुंबई विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यावर बदलापूरला जायचं कसं, यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून ही पोस्ट. वाचा आणि शहाणे व्हा, आम्ही झालो नाही.

हनोईहून मुंबईला थेट विमान आहे. ते वेळेवर निघालं, जेवण बरं होतं, शेजारी घोरणारं कोणी नव्हतं. तक्रारीला जागाच नव्हती. ती विमानतळाबाहेर मिळाली. ॲपवरचे ड्रायव्हर फोन करून गोड आवाजात विचारतात, "मॅडम, ड्रॉप किधर?" आणि बदलापूर ऐकलं की त्यांना अचानक आपला आवाज येईनासा होतो. शेवटी एकजण परतीचं भाडं धरून तयार झाला. घासाघीस करू नका, बसा. आणि ऐरोली, शिळफाटा, काटईमार्गे न्यायला सांगा. खड्डे आहेत, पण रस्ता सरळ आहे.

आम्ही तसं गेलो नाही. नितीन, म्हणजे माझा नवाकोरा नवरा, सीटबेल्ट लावता लावता म्हणाला, "आत्याकडे बॅग टाकून जाऊ. वाटेतच आहे."

आत्या राहते उल्हासनगर कॅम्प एकमध्ये. नकाशा उघडा आणि मला दाखवा ते वाटेत कसं येतं. त्यासाठी आधी ठाण्यात मेट्रोच्या कामात अडकायचं, मग कल्याणात अडकायचं, मग शहाडच्या पुलावर. ड्रायव्हरलाही ते पटेना. "सर, ये बीच में किधर आया?"

"पाच मिनट का काम है भाई," नितीन म्हणाला.

मी काही बोलले नाही, त्याला कारण होतं. उल्हासनगरहून बदलापूरला जाताना मध्ये अंबरनाथ लागतं आणि ते खरोखरच वाटेत आहे. तिथे माझं माहेर. लग्नाच्या दिवशी मी निघाले तेव्हा पप्पा मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून वाद घालत होते. मुद्दाम घालत होते, हे मला कळत होतं. समोर आले असते तर दोघंही रडलो असतो. त्यानंतर सासरी पाहुणेच पाहुणे आणि मग थेट विमान. परदेशात रोज संध्याकाळी मला त्यांची आठवण यायची. मला पप्पांना भेटायचं होतं, बाकी काही नको होतं.

आत्याकडे पोचल्यावर कळलं की बॅग नुसती टाकायची नाही, रिकामी करायची आहे. ती आत्याचीच होती आणि तिच्या मिस्टरांना दुसऱ्या दिवशी नागपूरला न्यायची होती. मग काय, हॉलमध्येच बॅग उघडली. शेजारच्या सिंधी आंटी मदतीला धावून आल्या. मळके कपडे, ओला स्विमसूट, सगळा हनिमून त्यांच्यादेखत बाहेर निघाला आणि साड्यांच्या दुकानाच्या पिशव्यांत कोंबला गेला.

"वियतनाम से क्या लाए, पुट?" आंटींनी नितीनला विचारलं.

"कॉफी, आंटी."

"कॉफी तो इधर भी मिलती है."

मग पोहे झाले. मग चहा. मग लग्नाचा अल्बम कधी येणार यावर चर्चा. नवीन लग्न झालेल्यांना माझा सल्ला आहे, कोणाच्याही दारात चपला काढू नका. चपला काढल्या की पोहे होतात.

पुन्हा गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आता अंबरनाथला थोडं थांबू."

"आईला विचारतो," नितीनने मोबाईल काढला.

"आत्याकडे जाताना विचारलं होतंस?"

"ते वेगळं गं. आत्या वाटेत..." म्हणाला आणि थांबला. थांबला ते बरं झालं. मी ड्रायव्हरला सांगितलं, "भैया, आगे से अंदर लेना."

मम्मी बिल्डिंगच्या गेटवरच भेटली, हातात भाजीची पिशवी. मी मिठी मारायला पुढे झाले तर ती दोन पावलं मागे सरकली.

"तू घरी जाऊन आलीस?"

"घरीच आलेय ना."

"तसं नाही. फिरून आल्यावर पहिलं पाऊल सासरी पडलं पाहिजे. आधी घरी जा, उद्या निवांत ये."

"मग हे काय आहे?"

"हे माहेर."

जयंतीच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन जुन्या रूढींवर बोलणारी बाई ती हीच. मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय. "पुस्तकात नाही लिहिलं," ती म्हणाली, "पण तुझ्या सासूला काय वाटेल, तेही पुस्तकात नसतं." तिचे डोळे भरले होते, पण गेटमधून ती हलेना. मला संताप आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात पप्पा खाली आले. अंगात बर्म्युडा, पायांत बाथरूमच्या चपला. ऑर्डनन्स फॅक्टरीत अख्खी नोकरी झाली, नियमाबाहेर जाणारा माणूसच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हिने आत यायचं नाही, बरोबर?" त्यांनी मम्मीला विचारलं. "मी बाहेर जायचं नाही असं काही आहे का?"

पप्पा गाडीचं दार उघडून माझ्या शेजारी बसले, पिशव्या स्वतःच्या मांडीवर घेतल्या आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चलो."

"तिकडं भातच खातात ना?" त्यांनी विचारलं.

"नूडल्स. पण तांदळाच्या."

"मग भातच झाला." त्यांनी मांडीवरच्या पिशव्या नीट केल्या. मग म्हणाले, "त्या मंडपवाल्याच्या खुर्च्या खरंच कमी होत्या." कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पुढच्या सीटवर नितीन शहाण्यासारखा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

बदलापूरला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पप्पांनी गाडी थांबवायला लावली.

"वर चला ना पप्पा," नितीन म्हणाला.

"असं बर्म्युडावर? रिकाम्या हाताने विहीणबाईंच्या दारात?" त्यांनी पिशव्या माझ्या हातात दिल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि स्टेशनच्या शेअर रिक्षात बसून निघून गेले.

वर गेलो तर नळाला पाणी नाही, शटडाऊन होता. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आत्याची बॅग दिलीत ना?"

आता जो तो विचारतो, हनिमूनला सगळ्यात काय आवडलं. मी बोटीवरचे फोटो दाखवते. खरं उत्तर देता येत नाही. अंबरनाथ ते बदलापूर या रस्त्याला मी जन्मभर शिव्या घातल्यात. बघावं तेव्हा तुंबलेला. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ट्रॅफिक हवं होतं, आणि रस्ता नेमका मोकळा होता.