चालत्या गाडीची खांदशेकणी

गोठ्यात उभ्या असलेल्या मोटारीला कोणी जेवायचं आमंत्रण देतं का हो? आमचे मामाजी द्यायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकतात, तूप-हळद लावतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडचे बैल गेले, त्यांच्या जागी गाडी उभी राहिली, पण मामाजींनी रीत मोडली नाही. पळसाच्या पानाने बॉनेटच्या दोन्ही बाजूंना तूप-हळद लावायचे, आवतन द्यायचे आणि मग गेअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढून तेल तपासायचे. फडकं धरून उभी राहायला मी. लग्न होऊन आले त्या वर्षी मनात म्हटलं, बाई गं, कोणत्या घरात पडले मी!

गाडीही तशीच होती. विलायती बनावटीची, फिकट हिरवी, आणि मुख्य म्हणजे बिनक्लचची. गेअर आपोआप बदलायचे. मामाजींचा डावा पाय लहानपणीच पोलिओने वाळला होता, त्यामुळे क्लच दाबणं त्यांच्या नशिबी नव्हतं. तरुणपणी नागपुरात ही गाडी जुनीच विकायला निघाली, तेव्हा डाव्या पायाला कामच नसलेली मोटार जगात असते हे त्यांना कळलं. तेव्हापासून अख्खं पांढुर्णा त्यांना बिनक्लचवाले बाबूजी म्हणायचं. चिडायचे का? छे! "माहा डावा पाय जन्माचाच सुट्टीवर हाय," असं म्हणून स्वतःच हसायचे.

दर मंगळवारी ते सौंसरला जायचे. तिथे त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, अंथरुणाला खिळलेल्या होत्या. बागेतली संत्री डिक्कीत टाकायची, मला शेजारी बसवायचं आणि निघायचं. लहानपणी याच आत्याबाईंनी त्यांना कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं. म्हणून त्यांच्या दारात दुसऱ्याने आणून सोडलेलं मामाजींना चालत नसे. "मागच्या सीटवर बसला का माणूस सामान होते, बाई," म्हणायचे.

आणि मग गाडी बिनसली. गेअर उशिरा बदलू लागले. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी रेंगाळायची आणि मग पाठीत धपाटा घातल्यासारखा झटका देऊन पुढे जायची. एका मिस्त्रीने बाहेरूनच आवाज ऐकला आणि सांगितलं, "क्लचप्लेट गेली, बाबूजी." मामाजी म्हणाले, "गाडीले क्लचचं पायडलच नाही, अन् तू प्लेटीवर कुठं जाऊन राहिला बे?" त्यांची पद्धत वेगळी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी फिरवून बघायची, फरक नसेल तर होती तशी करायची. अ‍ॅक्सिलेटरपासून गेअरबॉक्सकडे जाणारी केबल ताणून पाहिली, सैल करून पाहिली. फरक शून्य. मी वैतागून म्हटलं, "मामाजी, सगळंच एकदम बदलून टाका ना!" तर म्हणाले, "मग बरं कशानं झालं ते कसं कळन वो? घाई काहून करून राहिली?"

पण घाई आमच्या ह्यांना होती. ह्यांनी नागपूरचा भंगारवाला ठरवूनही टाकला. "गेअरबॉक्स गेला, बाबा. नवी गाडी घेऊ, ड्रायव्हर ठेवू. या वयात तुम्ही कशाला चालवता?" नवी गाडी कितीही ऑटोमॅटिक आली तरी तिचं चाक आपल्या हाती येणार नाही, हे मामाजींना पक्कं समजलं होतं. त्या वर्षी खांदशेकणीला त्यांनी आवतन दोनदा दिलं. पट्टी ओढली, तेल पुरेपूर होतं. "पोट भरलेलं हाय," म्हणाले, "मंग चालत काहून नाही?"

पोळा झाला, नदीपलीकडच्या सावरगावाशी दगडफेकीची गोटमारही झाली. बुधवारी भंगारवाला येणार होता, म्हणून मंगळवारी शेवटची फेरी करायची ठरली. बोरगावच्या अलीकडे चढावर गाडीने मानच टाकली. इंजिन गुरगुरतंय, चाकं हलत नाहीत. मामाजींनी गाडी मागे घरंगळू देत कडेला घेतली, गेअर 'पार्क'वर टाकला, पण इंजिन बंद करेनात. "बंद केली का पुन्हा उठणार नाही." ऊन मी म्हणत होतं. मी तणतणत उतरले, बॉनेट उघडलं आणि मला येत होतं तेवढं एकच काम केलं. पट्टी ओढली.

"अहो मामाजी, ही तर कोरडी आहे!"

"काहीतरीच नको बोलू. खांदशेकणीलेच पायलं ना आपण!"

काठी टेकत ते पुढे आले. पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ठणठणीत कोरडी. आणि कपाळावर हात मारून घेतला. "बैलाची खांद जू उतरवून, आराम देऊन शेकतेत. म्हणून मी हिलेही बंद करूनच पाहत आलो. बंद असली का सारं तेल खाली उतरते, भरलेलं दिसते. अन् चालताना बिचारी उपाशी!"

डिक्कीत तेलाचा डबा होता. त्यांच्या डिक्कीत काय नव्हतं? वर्तमानपत्राचं नरसाळं करून, इंजिन चालू ठेवूनच मी गेअरबॉक्समध्ये थोडं थोडं तेल ओतत गेले, ते पट्टी बघत गेले. मग निघालो. पहिला गेअर, दुसरा, आणि तिसरा तर लोण्यातून सुरी जावी तसा पडला. मामाजी रडत होते आणि गाडी चालवत होते. मी म्हटलं, "डोळे पुसा आधी, समोर ट्रक आहे!" सौंसरला आत्याबाईंच्या दारात त्यांनी हॉर्न इतका वाजवला की शेजारपाजारचे बाहेर आले.

भंगारवाला हात हलवत परत गेला. ज्यातून तेल गळत होतं ते गेअरबॉक्सचं सील नागपूरहून मागवून बदललं. पुढे काही वर्षं मामाजींनी झोकात गाडी चालवली. मग नजर अधू झाली, तेव्हा कोणी सांगायच्या आत त्यांनीच किल्ली माझ्या हातात ठेवली आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. "ड्रायव्हर नको. तू चालव. तुह्या शेजारी बसलो त सामान नाही होत मी." डोळे मिटून ऐकत बसायचे. गेअर वेळेवर पडला की मांडीवर हलकेच थाप मारायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी तूप-हळद घेऊन गोठ्यात गेले आणि आधी गाडी सुरू केली. हे आतून ओरडले, "अगं, बंद कर ना, धूर होतोय!" मी म्हटलं, "राहू दे चालू." गाडी चांगली गरम होऊ दिली, पट्टी पाहिली, तेल बरोबर होतं. मग बॉनेटला हळद लावली आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणताना नजर डाव्या सीटवर गेली आणि मला फार रडू आलं. इंजिन चालू होतं, म्हणून घरात कोणाला ऐकू गेलं नाही.