चिठ्ठी कोणी न्यायची

न्यूटन स्टेशन मागे पडलं तरी मधुमती माझ्या मागेच चालत होती. चालत जाऊ म्हणाली, म्हणून आम्ही बसमधून मध्येच उतरलो होतो. बुकित तिमाह रोडच्या कालव्याकडेने नीताच्या काँडोपर्यंत, म्हणजे ती राहते त्या सोसायटीपर्यंत, अजून बरीच चाल होती. मी म्हटलं, बरोबरीने चाल गं. ती आली आणि थोड्या वेळाने पुन्हा मागे पडली. सवयच तशी लागलेली.

ती नगर जिल्ह्यातली. दहावी झालेली, नवरा गेल्यावर मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करायची. नीताला जुळी झाली तेव्हा, २००४ साली, नीताच्या आईने तिला इकडे परदेशात मुलं सांभाळायला पाठवलं. आल्या दिवशीच नीताने तिचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला, हरवशील म्हणून. त्यानंतर ती घरी गेलीच नाही. आता तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली होती. सुट्टी मागितली की नीता म्हणे, मुलं शाळेत रुळू देत.

नीता वाईट नाही. आमची मराठी प्रार्थनासभा तिच्याच घरी भरते. कुणी आजारी पडलं की पहिला डबा तिचा पोचतो. अशाच एका सभेत प्रबोधने बायबलमधलं पौलाचं एक छोटं पत्र समजावून सांगितलं. प्रबोध इथे धर्मशास्त्र शिकायला आलेला. अनेसिम नावाचा गुलाम मालकाला सोडून कैदेतल्या पौलाकडे येतो. पौल त्याला पत्र देऊन परत पाठवतो, मालकाने त्याला भावासारखं वागवावं म्हणून. त्या मालकाच्या घरीही प्रार्थनेला मंडळी जमायची. प्रबोध म्हणाला, पौल तोंडाने सांगायचा, लिहून घेणारा दुसराच असायचा. त्या काळी असं लिहिणारे आणि पत्रं पोचवणारे पुष्कळदा गुलामच. आपलं शास्त्र त्या हातांतून आलंय. आम्ही माना हलवल्या.

चहा घेऊन आलेल्या मधुमतीने विचारलं, "परत जायचंय का, असं त्याला कुणी विचारलं होतं का?"

प्रबोध म्हणाला, ते पत्रात नाही.

"मधू, आधी चहा दे, निवतोय," नीता म्हणाली. "प्रवचन मग कर."

सगळे हसले. मीही.

पुढच्याच महिन्यात मधुमती नीताला न सांगता निघून मरीन परेडला माझ्या दारात उभी राहिली. आई आता कुणाला ओळखत नाही, असा गावाहून फोन आला होता. मी तिला ठेवून घेतलं. पण नीता ती बेपत्ता असल्याची तक्रार द्यायला निघाली होती. तक्रार झाली की तिचं कामाचं परमिट रद्द, वर पोलीस. म्हणून मीच नीताला चिठ्ठी लिहिली: हिचं चुकलं, सांभाळून घे, मनाने चांगली आहे. मी गेटपर्यंत पोचवायचं आणि चिठ्ठी घेऊन तिने एकटीने वर जायचं, असं ठरलं.

चालता चालता तिने ती चिठ्ठी उघडून वाचली आणि पुन्हा घडी घातली.

"ताई, अनेसिमचं पुढं काय झालं?"

शास्त्रात ते लिहिलेलं नाही, मी सांगितलं.

"मालक वाचत असताना तो तिथंच उभा असणार."

आम्ही गेटशी पोचलो. गेटवरच्या गार्डने तिला ओळखून दार उघडलं. ती आत गेली नाही. चिठ्ठी तिने माझ्या हातात ठेवली.

"ताई, तुम्ही वर या. ही तुम्हीच द्या, मला न्यायला लावू नका. आणि पासपोर्टचं तोंडाने सांगा. ते तुम्ही यात लिहिलंच नाही."