आत्याच्या सात पायऱ्या

माझी आत्या मला कधीच आवडली नाही, आणि मी तिला आवडत नाही हे तिनेही कधी लपवलं नाही. आमचा काचेच्या सुरयांचा कारखाना. फुंकणीवर आधी वडील, नंतर मी. आणि दाराजवळच्या खोलीत चाळीस वर्षं माल बांधायला ती. सुरई कितीही देखणी उतरो, आत्या तिच्या मानेला दोन बोटं लावून म्हणायची, "ही इथून तुटणार." यापलीकडे कौतुक नाही.

तिच्या पद्धतीने तर माझं डोकंच फिरायचं. खोकं बांधून झालं की ती ते दाराबाहेर न्यायची आणि सात दगडी पायऱ्यांवरून सरळ लाथेने लोटायची. मग गुडघ्यांना शिव्या देत खाली उतरायची आणि खोकं हलवून त्याला कान लावायची. किणकिण ऐकू आली की खोकं फोडायचं आणि मी मुकाट्याने दुसरी सुरई करायची. खोक्यावर 'नाजूक' लिहू द्यायची नाही. म्हणायची, "हमाल काय माझ्यापेक्षा प्रेमाने उचलणार आहेत?"

वडील गेले तेव्हा त्यांची शेवटची सुरई कपाटात होती. ती त्यांनी एका जुन्या गिऱ्हाईक बाईंना द्यायचं कबूल केलं होतं. शब्द पाळायचा होता आणि तशी दुसरी आता होणार नव्हती. मी आत्याला बजावलं, "ही पायऱ्यांवरून जाणार नाही."

"मग मी बांधणार नाही."

"नको बांधू. माझ्या बापाची वस्तू आहे, धोंडा नाही."

"तुझा बाप माझा भाऊ होता," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन कागद चुरगाळत बसली.

सुरई मीच बांधली. कापसात गुंडाळली, भोवती आणखी कापूस भरला, चारी बाजूंना ठळक अक्षरांत 'नाजूक' लिहिलं. स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

सकाळी येऊन पाहतो तर माझं खोकं वरच्या पायरीच्या कडेला आणि त्याच्यामागे आत्या. माझ्या डोळ्यांत बघत तिने लाथ घातली. पाचव्या पायरीलाच आवाज आला.

मी तिला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मर एकदाची, असंही म्हणालो. ती शांतपणे खाली आली आणि म्हणाली, "उघड."

सुरईची मान तुटली होती.

"कापूस दबतो," आत्या म्हणाली. "दबला की जागा होते, जागा झाली की वस्तू हलते. इतकी वर्षं बघतोयस, डोळे गहाण ठेवले होतेस?"

मी तुकडे उचलले. सुरईच्या पोटात तांदळाएवढा बुडबुडा दिसला. वडिलांच्या सुरईत बुडबुडा नव्हता. ही माझी होती, मागच्याच महिन्यात मी बाद करून कोपऱ्यात टाकलेली.

"खरी कुठाय?"

तिने खोलीकडे बोट केलं. बाकावर तिचं खोकं होतं, वर एक अक्षर नाही. "पहाटे येऊन बदलली. तुझ्या कापसात तुझीच ठेवली. माझं खोकं अजून लोटलेलं नाही. तू लोट."

"मी नाही लोटणार."

"मग वाटेत दुसरा कुणीतरी आपटेल. तेव्हा कान लावायला तू असणार आहेस का?"

आम्ही वर गेलो. तिचं खोकं आणून मी वरच्या पायरीच्या कडेला ठेवलं. त्या क्षणी मला तिचा जितका तिरस्कार वाटला तितका आयुष्यात कुणाचा वाटला नसेल. पाय उचलत नव्हता. शेवटी दात आवळून लाथ मारली आणि वळून पाहिलं. आत्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती खोक्याकडे बघत नव्हती.

मी खाली उतरलो, गुडघ्यावर बसलो, कान लावला. खोकं हलवून पाहिलं.

"वाजतंय का रे?" वरून तिने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

आत काहीही वाजत नव्हतं. तरी मी कान तसाच लावून ठेवला आणि उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला.