मधलं शेत राहिलं

पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीकाठच्या एका गावात भिकाजी बावीस वर्षं कोतवाल आहे. सरकारनं पदाचं नाव बदललं, गावानं नाही. तलाठ्याचा निरोप घरोघर पोचवायचा, नोटिसा चिकटवायच्या, मोजणीला टेपचं टोक धरायचं, हे त्याचं काम. शिवाय नदीच्या वळणावर अठरा गुंठे भातशेती.

दोन वर्षांपूर्वी जुलैत नदी त्या वळणावरच आत घुसली. पाणी ओसरलं तेव्हा लावलेल्या भातावर गुडघाभर गाळ आणि नारळाएवढे गोटे होते.

पंचनाम्याचा हुकूम आला. तलाठी नौशीन मॅडम महाडच्या, महिन्यापूर्वीच रुजू झालेल्या. गावातलं एकही शेत त्यांना ठाऊक नव्हतं. नऊ दिवस भिकाजी पुढे आणि त्या मागे. तो टेप ताणायचा, मालकाला बांधावर उभं करायचा, मॅडम मोबाइलवर फोटो काढायच्या.

"भिकाजीभाऊ, तुमचं शेत कुठलं?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"त्या वळणावर हाय. आपलं घरचंच, शेवटाला करू."

कोतवालानं आधी स्वतःचं उरकलं असं कुणी म्हणू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. दहाव्या दिवशी मॅडमना दुसऱ्या गावात दरड आली म्हणून तिकडे धाडलं. त्या परतल्या तोवर मुदत संपून पंचनाम्याचं ॲप बंद झालं होतं.

दिवाळीआधी गावाला मदत मिळाली. भिकाजीला नाही. तो तालुक्याच्या कचेरीत गेला.

"पंचनामाच नाही तुझा," कारकून म्हणाला. "स्वतः कोतवाल, आणि तुझंच राहिलं? म्हणजे नुकसान नसेल."

"साहेब, शेजारच्या दोघांचं नुकसान तुमीच मंजूर केलंत. मधलं माझं. नदी काय मधलं तेवढं सोडून गेली?"

"फोटो आण त्या तारखेचा."

त्या तारखांच्या प्रत्येक फोटोत कडेला भिकाजी होताच, पण दुसऱ्यांच्या शेतात. चार खेपा झाल्या. पारावर गावातला महादू हसून म्हणाला, "कचेरी तुझ्या खिशात, तुला रे काय कमी?" भिकाजी त्याच्या अंगावर धावून गेला, लोकांनी आवरलं.

घरी त्याची बायको काशीबाई वेगळंच बोलली. "गावाचं मोजत नऊ दिस फिरलात. आपल्या शेतात मॅडमला न्यायला अर्धा तास नव्हता?"

गेल्या ऑक्टोबरात गावातलं कापणीला आलेलं भात पावसानं झोपवलं. पुन्हा पंचनामे. त्या सकाळी भिकाजी तलाठी कार्यालयाच्या दारातच अडून उभा राहिला.

"मॅडम, आज पयलं माझं शेत. मग गाव."

त्या त्याच्या मागे निघाल्या. शेतात गोट्यांमधून गवत माजलं होतं. मॅडमनी मोबाइल उघडला आणि थांबल्या.

"पीक काय लिहू?"

"गोट्यांवर काय पिकणार?"

"यंदा फक्त उभ्या पिकाचं घ्यायला सांगितलंय, भाऊ."

भिकाजी बांधावर बसला. "म्हंजे तवा फोटो नव्हता म्हणून नाय, आन आता पीक नाय म्हणून नाय." एक गोटा उचलून त्याने नदीच्या दिशेने भिरकावला. तो नदीपर्यंत पोचलाही नाही.

मॅडम त्याच्या शेजारी बसल्या. कोरा कागद काढून लिहू लागल्या: त्या वर्षीचा पंचनामा माझ्याकडून राहिला, शेतकऱ्याची चूक नाही.

"तुमच्यावर येईल ना वो, मॅडम."

"येऊ दे."

अर्ज दाखल झाला, आवक क्रमांक मिळाला. त्यालाही आता आठ महिने झाले. मॅडमना खुलासा मागणारी नोटीस आली. भिकाजीला काहीच आलं नाही. महिन्यातून एकदा तो विचारायला जातो. "वर पाठवलंय," कारकून सांगतो.

"वर म्हंजे कुठं, साहेब?" त्याने एकदा विचारलं. ते कारकुनालाही सांगता आलं नाही.

यंदा नवराबायकोनं पहारीनं गोटे उपसून सहा गुंठे मोकळे केले आणि त्यात नाचणी लावली. उरलेले बारा गुंठे तसेच आहेत.