धुक्यातली लांब शिट्टी

डोंगरावर शिट्टी वाजवली ती मी. गाईडनं नाही, पोलिसानं नाही, मी. आणि त्या एका शिट्टीमुळं एक्केचाळीस माणसं जे बघायला सोलापुराहून पहाटे चारला निघाली होती, ते न बघताच गाडीत जाऊन बसली.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या कॉलनीत ही हकीकत आता इतक्या तऱ्हांनी फिरते की एका तऱ्हेत मी शिट्टी वाजवता वाजवता दरीत पडलोसुद्धा आहे. त्या तऱ्हेला म्हणे लोक जास्त हसतात.

सहल माझ्यासाठी नव्हतीच. माझ्या थोरल्या बहिणीसाठी होती. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मोहोळच्या पुढं आडबाजूला तिचं गाव, तिथं आयुष्यभर शेतात राबून दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी एक्सरे खिडकीला धरून सांगितलं, "आजी, ऑपरेशननंतर चालाल झकास. पण डोंगर, गड, पायऱ्या हे सगळं आता विसरायचं."

अक्कानं एक्सरे मागून घेऊन पिशवीत घातला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मग त्याच्या आदी एकदा जाऊन याया पायजे."

"कुठं?"

"डोंगरातलं तळं बघायला."

मला वाटलं होतं, एखादं देवस्थान सांगेल. मी म्हणालो, "तळं? आपल्याकडं काय कमी आहे? गावाच्या वेशीवर आहे की."

"ते बगितलंय. हिरीत वाकून पानी बगितलंय, टँकरच्या झाकनातनं बगितलंय, पाटाच्या कडंला बसून बगितलंय. लई उंचावरनं, आख्खं पानी एकदम कसं दिसतंय, ते बगायचं हाय."

एवढंच. डॉक्टरांनी मुदत घालून दिली होती, आणि ती मुदत माझ्या हातात देऊन अक्का रिक्षातून बाहेर बघत बसली.

गणपती उठल्यावर आमच्या भागातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं पाटी लावली: साताऱ्याच्या डोंगरात एक दिवसाची सहल, तीन तळी, पाच पॉइंट, चहा-नाष्टा-जेवण आणि माहीतगार गाईड. मी दोन जागा धरल्या. बायको म्हणाली, "तुम्ही बहीणभाऊ जा, मला एक दिवस घर मोकळं मिळू दे." तिनं हे इतक्या आनंदानं म्हणायला नको होतं.

माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर शिट्टी कुठून आली ते कळणार नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. शाळेत कवायत माझ्याकडं होती. निवृत्तीला सहा वर्षं झाली, पण पितळी शिट्टी अजून किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. पोरं कितीही दंगा करत असली तरी एक लांब शिट्टी मारली की सगळं मैदान आहे तिथं थिजायचं. पळणारा एका पायावर, ओरडणारा उघड्या तोंडानं. लांब शिट्टी म्हणजे जागेवर थांबा. तीस वर्षं मी एवढं एकच शास्त्र बिनचूक शिकवलं.

गाईड मात्र दुसऱ्या शाळेतला निघाला. पंचावन्न-साठीचा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. मोहोळला अक्काला गाडीत चढवताना त्यानं तिचा हात धरला आणि सवयीनं ओरडला, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या." उतरणारं कुणीच नव्हतं. टेंभुर्णी मागं पडल्यावर तो गाडीच्या मधोमध उभा राहिला.

"मंडळी, नियम एकच. ही शिट्टी बघून ठेवा. एक लांब शिट्टी म्हणजे असाल तिथनं गाडीत. फोटो राहू द्या, कणीस राहू द्या. गाडी कुणाची वाट बघणार नाही."

सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं असणार. पण शिक्षकाला दुसऱ्याचं ऐकताना डुलकी लागते, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या तळ्यावर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. चारी बाजूंनी हिरवे डोंगर, मधे काळंभोर पाणी, काठावर होड्या. गाईडनं घसा साफ केला, "हे बघा निसर्गाचं लेणं." तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "किती टक्के भरलंय?"

गाईड गोंधळला. "टक्के म्हणजे?"

"म्हणजे किती टक्के? परवा उजनी शंभरच्या वर गेलंय."

"याची टक्केवारी नसते हो. हे आपलं बघायचं तळं आहे."

"असं कसं? पाणी हाय म्हटल्यावर टक्के असणारच की."

हे बोलणारे सांगोल्याचे एक डाळिंबवाले होते. गळ्यात नवीकोरी दुर्बीण, तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मग बायकांनी सुरू केलं: हे पाणी खाली कुणाला जातं, रब्बीला सोडतात का. गाईडच्या कपाळाला घाम आला. मला राहवलं नाही. मी पुढं झालो आणि नैसर्गिक तलाव, कृत्रिम तलाव, पाणलोट क्षेत्र आणि बाष्पीभवन यांवर दहाबारा मिनिटं बोललो. माझं संपलं तेव्हा होड्यांची रांग दुप्पट झाली होती आणि आमचा नंबर गेला होता.

"गुरुजी," गाईड अदबीनं म्हणाला, "पुढच्या पॉइंटला माहिती मी सांगू का?"

अक्का या तळ्याकडं फारशी बघतच नव्हती. "हे कडंवरनंच हाय की," म्हणाली. "वरनं कुटलं दिसतंय?"

वरून दिसणारं तळं दुसरं. त्याच्यासाठी एकशे बारा पायऱ्या चढून कड्यावर जायचं होतं. पायथ्याला गाडीतळ, शेजारी खानावळ. आधी पॉइंट, मग तिथंच जेवण, असा बेत. अक्का दहा पायऱ्या चढायची, कठड्यावर टेकायची, परत दहा. "हळू चाल," मी म्हणायचो. "हळूच चालतीया," ती म्हणायची, "पळायला काय शाळा सुटलीय?" आम्ही वर पोचलो तेव्हा आमची सगळी मंडळी कधीची कठड्याला लागून उभी होती. आणि समोर पांढरं. खाली पांढरं, वर पांढरं. आपलाच हात लांब केला तर बोटं दिसेनात, असलं धुकं.

"दहापंधरा मिनिटांत उघडतं," गाईड म्हणाला. "मागच्यांनी पुढं सरका. कठडा मजबूत आहे." आणि वाहनतळावर ड्रायव्हरला काहीतरी सांगायला तो खाली निघून गेला.

सगळे थांबले. डाळिंबवाल्यांनी दुर्बिणीवरचं प्लास्टिक काढलं. मी अक्काला एका दगडी बाकावर बसवलं आणि जरा बाजूला जाऊन आलो. वय झाल्यावर बाजूला जाणं आपल्या हातात राहत नाही. परत आलो तर बाकावर अक्का नाही.

आजूबाजूला नुसत्या सावल्या. "अक्का," हाक मारली, तर दोन-तीन बायका वळल्या, एकही आमची नाही. कठड्यापलीकडं दरी. तिचे ते गुडघे. डोक्यात काहीच्या काही यायला लागलं. सगळे इकडून तिकडं हिंडत होते, एकमेकांच्या अंगावर येत होते. मला वाटलं, ही माणसं क्षणभर आहेत तिथं थिजली, तर हलणारी तेवढी अक्का. हात आपोआप खिशात गेला.

शिट्टी मात्र वाजली चोख. लांब, सरळ, शेवटी जरा वर चढलेली. मैदानावर वाजायची तशीच.

कुणी थिजलं नाही. उलट धुक्यातून एकदम पायांचा धडधडाट झाला. "शिट्टी झाली, शिट्टी झाली," करत माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागली. एक म्हातारे गृहस्थ माझा दंड धरून म्हणाले, "चला गुरुजी, गाडी वाट बघत नाही. आणि जेवणही लागलं असेल." मी "थांबा, थांबा" म्हणत होतो. शाळेत थांबा म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळं आवाजात दम नव्हता.

कड्यावर मी एकटा उरलो. सगळे बाक बघितले, कठड्याचा कोपरान् कोपरा बघितला. मग धडपडत खाली आलो, तर अक्का गाडीत आपल्या सीटवर बसून पाणी पीत होती. बाकावर थंडी वाजली म्हणून ती चार हात पलीकडं बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली होती, आणि शिट्टी झाल्यावर त्यातल्याच दोघींनी तिला काखेत धरून जवळजवळ उचलून खाली आणलं होतं.

"कुटं हुतास?" ती म्हणाली. "गाडी सुटली असती की."

गाईड दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर विनातिकीट प्रवासी सापडल्यासारखा भाव. "शिट्टी कुणी मारली? मी तर इथं ड्रायव्हरजवळ होतो."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. म्हणालो, "दुसऱ्या कुठल्या गाडीची असेल."

"व्हय का?" अक्का म्हणाली. "तुजीच हाय की. तुज्या घरी आले की रोज सकाळी शाळेत वाजलेली ऐकू यायची. मला वळकू येत न्हाय व्हय?"

बरोबर त्याच वेळी कणसं भाजणारी बाई वर बोट करून म्हणाली, "उघडलं बघा. आत्ता समदं दिसत असंल वरनं."

गाडीतळावरून तळं दिसत नाही, फक्त कडा दिसतो. कडा लख्ख दिसत होता. एक्केचाळीस माणसांनी आधी कड्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. डाळिंबवाल्यांनी दुर्बीण लावली आणि ती माझ्यावरच रोखली. "जवळनं बघून घेतो," म्हणाले, "असला माणूस परत दिसायचा न्हाय."

पुन्हा चढायची कुणाची तयारी नव्हती. ताटं मांडली गेली होती आणि आमटीचा वास सुटला होता. शिव्यासुद्धा मला भुकेमुळं थोडक्यात मिळाल्या.

अक्कानं पदर खोचला आणि गाडीतून उतरायला लागली.

"कुठं चाललीस?"

"वर."

"अक्का, परत एकशे बारा पायऱ्या. गुडघे?"

"गुडगं दिवाळीनंतर नवंच बसवायचं हायती. हे जुनं कशाला जपून ठिवायचं?"

मी गाईडकडं बघितलं. त्यानं घड्याळ बघितलं, अक्काकडं बघितलं. "जेवणाचा पाऊण तास," म्हणाला. "त्यात जमवा. आणि गुरुजी, ते जुडगं इथं माझ्याकडं ठेवून जा."

आम्ही निघालो. ती दहा पायऱ्यांनी टेकायची, मी पाचांनी. मी सकाळपासून एकदा चढलो होतो, धुक्यात गरागरा फिरलो होतो, धावत उतरलो होतो आणि पोटात नाष्ट्याच्या पोह्यांपलीकडं काही नव्हतं. साठाव्या पायरीच्या आसपास माझ्या छातीत भाता सुरू झाला. सत्तराव्या पायरीवर मी बसलोच.

अक्का दोन पायऱ्या वर थांबली, कठड्याला धरून. "बस तू हितं," म्हणाली. "मी येते जाऊन."

"एकटी?"

"मग काय वर्ग घेऊन जाऊ?"

आणि गेली. आधी तिच्या साडीचा काठ दिसेनासा झाला, मग चपलांचा आवाज. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. समोरच्या कठड्यावर एक माकड येऊन बसलं आणि शिक्षणाधिकारी तपासणीला आल्यावर बघतात तसं माझ्याकडं बघत राहिलं. मी उगाच सदऱ्याची बटणं नीट केली. वर जावं तर पाय उठेनात, हाक मारावी तर ती अर्ध्यात खाली यायची. एका माणसाला एका दिवसात दोनदा खाली आणायचं पाप नको म्हणून गप्प बसलो. एवढं गप्प मी गेल्या तीस वर्षांत बसलो नसेन. वर धुकं असेल तर? तर दिवाळीनंतर काय सांगायचं हिला?

वीसेक मिनिटांनी चपला वाजल्या. अक्का उतरत होती, आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.

"दिसलं?"

तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि पुढची पायरी उतरली. मी तीनदा विचारलं. तीनदा ती नुसती पायरी उतरली.

गाडीत सगळे जेवून बसले होते. ती आत येताच डाळिंबवाले उठून उभे राहिले. "आजी, दिसलं का हो?"

"दिसलं," अक्का म्हणाली. "आख्खं." आणि सीटवर बसून, गुडघे चोळत, सगळ्यांना सांगायला लागली. "भाकरी थापताना कडंला चिरती, तसं हाय बगा. गोल न्हाय. एका अंगाला चिरलेलं. लई खोल खाली. आन् वरनं ढगाची सावली जात हुती, म्हंजे कोन तरी काळी घोंगडी वडत वडत ह्या कडंहून त्या कडंला निऊ लागलंय. पार तिकडं जाईस्तवर बगितली. मग धुकं आलं."

डाळिंबवाल्यांनी दुर्बीण पिशवीत घातली. गाईड दारात उभा राहून ऐकत होता, त्यानं ड्रायव्हरला निघायची खूणही केली नाही. मला बरं वाटलं, आणि तेवढंच वाईटही वाटलं.

"अक्का," मी म्हणालो, "मला हाक मारायचीस की. चाळीसच पायऱ्या खाली होतो मी. कसाबसा आलो असतो."

"मारनार हुते," अक्का म्हणाली. "तोंडात आलीबी हुती. पन म्हनलं, ह्यो आला की तळ्याची लांबी-रुंदी सांगत बसंल. तू नव्हतास म्हनून तर नीट बगता आलं."